२८ हजारांतले लढले किती?



१ जानेवारी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक आकडा फिरायला लागतो. ५०० विरुद्ध २८ हजार. पोस्टरवर तोच, भाषणात तोच, गाण्यात तोच. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, मुठी वर जातात, घोषणा होते आणि सभा संपते. पण सभेतून उठून कुणी विचारत नाही, की ५०० माणसांनी २८ हजारांना दिवसभर अडवलं ते कसं? कुठं उभं राहून? हातात काय होतं? पोटात काय होतं? पाणी कुठलं प्यायले?

हे विचारलं पाहिजे. जी गोष्ट कशी घडली ते सांगता येत नाही तिला लोक चमत्कार म्हणतात. चमत्कारापुढं फक्त हात जोडता येतात, त्यातून शिकता काही येत नाही. हात जोडायचा तो धंदा आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बंद केला. तो कोरेगावच्या निमित्तानं मागच्या दारानं परत घरात घ्यायचा नाही.

मी गिरणीत साच्यावर उभा राहतो. शाळा बेताची. इतिहास वाचला तो पाळी सुटल्यावर, मिळेल त्या पुस्तकातून. पण कामाची पारख आहे. कोरेगावची लढाई मला काम म्हणून दिसते. कसबी माणसांनी, उपाशीपोटी, वाईट जागी सापडून एका दिवसात केलेलं काम. ते कसं केलं तेवढंच इथं मांडतो.

(१) फौजेचं अंग

फौज मैदानात उभी राहिली की तिला माणसासारखंच अंग असतं. तोंड असतं, दोन बगला असतात, पाठ असते.

दोनशे वर्षांपूर्वीची पायदळाची पलटण डोळ्यांसमोर आणा. शिपाई रांगेत, खांद्याला खांदा लावून. सगळ्यांच्या बंदुका समोर. समोरून चालून येणाऱ्यावर शंभर बंदुका एका हुकमानं सुटतात. पण तोच शत्रू रांगेच्या टोकाकडून आला तर? टोकावरची दोन-चार माणसंच त्याच्याकडं वळू शकतात. बाकीच्यांनी बंदूक झाडली तर गोळी आपल्याच भावाच्या पाठीत जायची. म्हणून जगातला कुठलाही सेनापती पहिला विचार हाच करतो, की समोरून थोडी माणसं लावून शत्रूला गुंतवून ठेवायचं आणि बाकीची बगलेवर नाही तर पाठीवर न्यायची. एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. शाळेतल्या मारामारीतही पोरं हेच करतात.

ज्याला बचाव करायचा आहे तो उलटा विचार करतो. आपली बगल कशाला तरी टेकवायची. नदीला, डोंगराला, दलदलीला, भिंतीला. जिथून शत्रू येऊ शकत नाही तिथं माणूस खर्ची घालायचा नाही.

घोडदळाचं आणखी वेगळं. घोडा उघड्या रानात वाऱ्यासारखा येतो. विस्कटलेल्या, पळणाऱ्या पायदळाला तो कापून काढतो. पण पलटणीनं चौकोन केला, चारी बाजूंना संगिनी रोखल्या आणि माणसं जागची हलली नाहीत, तर घोडा त्या संगिनींवर जात नाही. जनावराला जीव प्यारा असतो. तेव्हा सगळा खेळ माणसं हलतात की नाही यावर.

शेवटची गोष्ट राखीव तुकडीची. सगळी माणसं पहिल्याच झटक्यात लावली, की नंतर भोक पडलं तर बुजवायला कुणी उरत नाही. शहाणा सेनापती मूठभर माणसं मागं दाबून ठेवतो.

हे कळलं की आकड्याकडं बघायची नजर बदलते. चाळीच्या जिन्याचं उदाहरण घ्या. जिन्याच्या तोंडाशी वर दोन माणसं काठ्या घेऊन उभी आहेत. खाली दोनशे जमलेत. पण जिना दोन माणसांचा. वर येताना दोनच येणार. मागचे एकशे अठ्ठ्याण्णव ओरडतील, ढकलतील, लढणार नाहीत. लढाईत डोकी मोजून भागत नाही. एका वेळी किती हात शत्रूपर्यंत पोचतात ते मोजावं लागतं.

हे काही आपल्याच मुलखातलं शहाणपण नाही. इसवी सनापूर्वी २१६ साली इटलीत कॅनी या ठिकाणी कार्थेजचा हॅनिबल आणि रोमन यांची लढाई झाली. जुने इतिहासकार रोमची फौज ८० हजारांच्या घरातली सांगतात, हॅनिबलची ५० हजारांच्या आसपास. हॅनिबलनं मधली रांग मुद्दाम पुढं काढून ठेवली आणि रोमनांचा दाब आला तशी ती थोडी थोडी मागं घेतली. रोमन आत आत घुसत गेले. तेवढ्यात दोन्ही बाजूंचं त्याचं पायदळ आतल्या अंगाला वळलं आणि घोडदळानं येऊन पाठ बंद केली. मग मधल्या रोमन शिपायाला तलवार उचलायलाही जागा राहिली नाही. गर्दीच त्यांची वैरी झाली. रोमची एवढी मोठी फौज एका दिवसात कापली गेली.

(२) आधी खडकी

कोरेगाव कळायचं तर आठ आठवडे मागं जावं लागतं. ५ नोव्हेंबर १८१७. पुण्याजवळ खडकी. इंग्रजांची फौज सुमारे २८००. समोर पेशव्यांचं १८ हजार घोडदळ आणि ८ हजार पायदळ. सेनापती बापू गोखले. माणूस शूर होता, त्यात वाद नाही.

गोखल्यानं निवडक सहा हजार स्वार काढले आणि कंपनीच्या एका पलटणीवर घातले. जमीन हादरली असणार. पण त्या पलटणीच्या पुढ्यात खोल दलदल होती. पुढचे घोडे त्यात रुतले, मागचे त्यांच्यावर कोसळले, आणि पलटणीनं जागेवर उभं राहून गोळ्या घातल्या. हल्ला तिथंच फुटला. त्या दिवशी इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून शंभराच्या आतच होते.

सहा हजार स्वार निघाले, पण कुणी आधी जाऊन पुढची जमीन बघितली नव्हती. एका चिखलानं सेनापतीचा बेत खाल्ला. त्याच महिन्यात, १७ नोव्हेंबरला, पुणं इंग्रजांच्या हातात गेलं आणि दुसरा बाजीराव फौज घेऊन रानोमाळ फिरू लागला. तेव्हा पेशव्यांची राजधानी गेली ती नोव्हेंबरातच, कोरेगावच्या आधी. आपल्या भाषणांत दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात. तसं नाही.

(३) शिरूर ते कोरेगाव

डिसेंबरच्या शेवटी बाजीराव उत्तरेकडून चाकणच्या बाजूला परतला. जनरल स्मिथ त्याच्या मागावर होता. पुण्यातल्या कर्नल बरला धास्ती पडली, की पेशवा पुण्यावर येणार. त्यानं शिरूरच्या छावणीतून कुमक मागवली.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे ५०० शिपाई. पुणे घोडदळाचे अडीच-तीनशे स्वार. सहा पौंडी दोन तोफा आणि त्यांच्यावर मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज. सगळे मिळून ८३४. म्हणजे आपल्या आकड्याची पहिली बाजूही अपुरीच आहे. ५०० होते ते पायदळाचे शिपाई.

रात्रभर सुमारे २५ मैल चालून सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी कोरेगावच्या वरच्या उंचवट्यावर आली. तिथून बघतात तर भीमेच्या पलीकडं पेशव्यांचा सगळा तळ. २० हजार घोडा, ८ हजार पायदळ, असा अंदाज.

आता स्टाँटनच्या जागी उभं राहून विचार करा. मागं फिरावं तर २५ मैल उघडं रान, आणि २० हजार स्वार पाठीवर. थकलेली पलटण चालता चालता कापली जाणार. पुढं नदी ओलांडावी तर ओलांडताना माणसं विस्कटणार आणि पलीकडं घोडदळ वाट बघत उभं. राहिलं ते गाव. त्यानं नदीच्या उताराकडं निघाल्याचा देखावा केला. समोरच्यांना वाटलं, हा आता पार होतोय. गावाजवळ येताच पलटण झटक्यात गावात शिरली.

गाव मध्यम. नदीच्या उंच काठावर. एके काळी गावाभोवती मातीची भिंत असावी, पण नदीकडच्या अंगाला तिला मोठमोठी भगदाडं पडलेली, पूर्वेकडं तर गाव उघडंच. जागा काही फार चांगली नव्हती. पण घरं होती, बोळ होते, भिंती होत्या. मघाशी चौकोनाचं सांगितलं ना? या पलटणीचा चौकोन मातीच्या भिंतींचा होता. आणि बोळ म्हणजे चाळीचा जिना. २० हजार घोड्यांचं काम तिथंच संपलं. ते गावाला वेढा घालू शकत होते, पाणी तोडू शकत होते, आत येऊ शकत नव्हते.

(४) दिवसभर

पेशव्यांनी पुढं गेलेलं पायदळ परत बोलावलं आणि हल्ल्यासाठी तीन तुकड्या केल्या. अरब, गोसावी आणि कवायती शिपाई अशा मिसळलेल्या. एकेका तुकडीत कुणी तीनशे सांगतो, कुणी सहाशे. जास्तीत जास्त धरले तरी अठराशे. नंतर ताजी माणसं मिळत गेली, तरी गावात शिरून खरोखर लढले ते दोन हजारांच्या आसपास. २८ हजारांतले लढले ते एवढे. हल्ल्याला आधार दोन तोफांचा आणि बाणांच्या माऱ्याचा. हे बाण म्हणजे दारूचे अग्निबाण. त्यांनी घरं पेटली.

या तीन तुकड्या नदीच्या काठाच्या आडोशानं तीन बाजूंनी वर आल्या. चाल चांगली होती. काठाखालून येणाऱ्यावर वरून नेम बसत नाही. आणि तीन ठिकाणी एकदम हल्ला झाला की बचाव करणाऱ्याची माणसं तिकडं तिकडं वाटली जातात.

स्टाँटननं तोफांसाठी मोक्याची जागा धरली होती. पण एक मोठी चूक झाली. गावात शिरल्यावर आतून गावाची नीट टेहळणी झाली नाही. मध्ये एक मजबूत आवार होतं, त्याचा पत्ताच नव्हता. ते अरबांनी धरलं आणि मग दिवसभरात त्यांना तिथून कुणी हलवू शकलं नाही. आमच्या गिरणीतही हेच चालतं. बघायचं राहतं वरच्याकडून, बोट जातं साच्यावरच्याचं. त्या आवारातून सुटलेल्या गोळ्या शिपायांनी अंगावर घेतल्या. पुढं इतिहासात नाव झालं ते कॅप्टनचं.

दुपारी बारा ते रात्री नऊ. बोळ जायचा, परत घ्यायचा, परत जायचा. नदी डोळ्यांसमोर, पन्नास-साठ यार्डांवर, आणि पाणी मिळत नव्हतं. नदीची वाट पेशव्यांच्या माणसांनी तोडली होती. रात्रभराची चाल, पोटात अन्न नाही, काडतूस दातानं फोडून तोंडात दारूची खारट पूड. बंदुकीची दारू आणखी तहान लावते. कोरेगावला पेशव्यांचं सगळ्यात मोठं हत्यार हीच तहान होती. २० हजार घोड्यांनी केलेलं काम ते एवढंच, आणि ते फार परिणामकारक होतं.

एका देवळात जखमी गोरे अधिकारी ठेवले होते. ते देऊळ अरबांनी घेतलं, डॉक्टर विंगेट तिथं मारला गेला. पलटणीनं घुसून देऊळ परत घेतलं. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम पडला, एक तोफ गेली. लेफ्टनंट पॅटिन्सन अंगात गोळी घेऊन पडला होता. तोफ गेल्याचं कळताच तो उठला, बंदूक नळीकडून धरून शिपायांना घेऊन अरबांवर तुटून पडला. त्याला दुसरी गोळी लागली, पण तोफ परत आली. तिच्याभोवती अरबांची प्रेतं एकावर एक पडली होती. चिझमचं धड सापडलं, मुंडकं कापलेलं. तेव्हा काही गोरे गोलंदाज शरण जाऊ या म्हणत होते. स्टाँटननं ते धड दाखवून सांगितलं, हाती सापडाल तर सगळ्यांचं हेच होईल. मग कुणी शरणागतीचं नाव काढलं नाही.

हे अरब भाडोत्री होते, पण लढले कडवेपणानं. शत्रूला भेकड म्हणण्याची आपल्या वक्त्यांना हौस आहे. भेकडांपुढं टिकून राहण्यात कसला मोठेपणा? शत्रू कडवा होता म्हणूनच त्या दिवसाला किंमत आहे.

आणि बाजीराव? तो नदीपलीकडं दोन मैलांवर एका टेकाडावर बसून होता. गोखले, आप्पा देसाई, त्रिंबकजी डेंगळे हल्ले चालवत होते. कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ यानं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय, की बाजीराव आपल्या सरदारांना टोमणे मारत होता, एक पलटण तुम्हाला आवरत नाही का म्हणून. साताऱ्याच्या छत्रपतींनी उन्हासाठी अब्दागीर धरवली, तर ती खाली घ्यायला लावली. तिच्या रोखानं तोफेचा गोळा येईल ही भीती! दोन मैलांवरून टोमणे मारता येतात. बोळात काय अडलंय ते दिसत नाही.

अंधार पडला तसा हल्ल्याचा जोर कमी झाला. पलटणीला पाणी मिळालं. नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. स्मिथ मागून येतोय ही धास्ती पेशव्यांना होतीच. त्यांची माणसं गाव सोडून गेली.

(५) हिशोब

८३४ पैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. पायदळाचे ५० ठार, १०५ जखमी. २४ गोलंदाजांपैकी १२ ठार, ८ जखमी. पेशव्यांच्या बाजूचे पाच-सहाशे पडले असा अंदाज.

जिंकलं कोण? स्टाँटनला पुण्याला जायचं होतं, तो पुण्याला पोचला नाही. पेशव्यांना ही पलटण संपवायची होती, ती संपली नाही. पण बचाव करणाऱ्याचं काम एकच असतं, जागेवर राहणं. हल्ला करणारा निघून गेला आणि बचाव करणारा जागेवर राहिला, तर लढाईच्या हिशोबात तो जिंकला. पुण्यावरचा हल्लाही झाला नाही. पुढं २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला गोखले लढता लढता पडला, आणि ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

आता त्या शिपायांकडं या. स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. आपली माणसं. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहे. एका बोळात, एका तहानेत, खांद्याला खांदा लावून. ज्याच्या सावलीचा गावात विटाळ, त्याच्या खांद्याला खांदा टेकल्याशिवाय त्या पलटणीची रांगच उभी राहत नव्हती.

ते पगारासाठी लढले, कंपनीसाठी लढले, मग त्यात कसला अभिमान, असं काही विद्वान विचारतात. पगार तर गोखल्याच्या अरबांनाही होता. पगारी माणसाच्या कामाला मोल नसतं, असं ज्याला वाटतं त्यानं अंगावरचा कपडा काढून ठेवावा. तो पगारी माणसानंच विणलाय.

त्यांचं कसब बघा. त्या वेळची बंदूक शंभर यार्डांपलीकडं नेमाची नव्हती. काडतूस फोडायचं, कानात दारू घालायची, नळीत उरलेली ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायची, चाप ओढायचा. तयार शिपाई मिनिटाला तीनदा हे करायचा. धुरात, शेजारचा पडत असताना, आणि हुकमाशिवाय न झाडता. तुटलेला धागा जोडताना आमची बोटं डोक्याला विचारत नाहीत. वर्षांची सवय असते ती. त्या शिपायांची बोटंही तशीच बनली होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की तुमच्यात गुणच नाही, त्यांना कवायत मिळाली, बंदूक मिळाली, आणि एका पिढीत हा गुण दिसला.

म्हणून हिसकावून घेतलं तेही कसबच. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी करून आपल्याला बिनलढाऊ ठरवलं. कोरेगावच्या दगडावर ज्यांनी आपली नावं कोरली तेच हे सरकार. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. लष्करात शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिकवत होते. बंदुकीच्या दारातूनच आपल्या घरात अक्षर आलं होतं.

(६) कोरेगावहून महाडला

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले. ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. तिच्यानंतर अडीच महिन्यांवर दुसरी तारीख आहे, २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. दोन्ही तारखा एकत्र ठेवून वाचा.

तळ्यावर पाणी प्यायले ती माणसं रांगेत गेली, शिस्तीत गेली, तेव्हा कुणी हात लावला नाही. हल्ला झाला तो नंतर. परिषद संपली होती. कुणी मांडवात जेवत होतं, कुणी गाठोडं बांधत होतं, कुणी दोघं-चौघं मिळून गावातून परत निघालं होतं. आता हे देवळात शिरणार, अशी अफवा उठवली गेली आणि विखुरलेल्या आपल्या माणसांना गाठून गाठून मारलं. तोंडावर कुणी आलं नाही. पाठीवर आले. परतीच्या वाटेवर, माणसं सुटी सुटी असताना.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला परत महाड. या वेळी तयारी वेगळी. गावात जागा मिळू नये म्हणून सनातन्यांनी बंदोबस्त केला होता, तर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेत मांडव पडला. दुकानदार माल देणार नाहीत हे धरून शिधा बाहेरून आणून ठेवला. व्यवस्थेला लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर धडक दिली नाही. लोकांची मिरवणूक शिस्तीत तळ्याभोवती फिरवून आणली. मनुस्मृती जाळली ती आपल्याच मांडवात, आपण निवडलेल्या जागेवर. तळ्याची लढाई कोर्टात नेली आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकली. जागा, रसद, शिस्त, परतीची वाट, आणि वेळ कुणाच्या बाजूनं आहे याचा विचार. कुणाच्या हातात बंदूक नव्हती, तरी लढाईचं शास्त्र सगळं होतं.

म्हणून तुम्हा पोरांना सांगणं आहे. मोर्चा काढताना किती माणसं येणार हे आपण दहा वेळा विचारतो. पाणी कुठं मिळेल, हे एकदा तरी विचारा. गल्ली कुठून बंद आहे ते आदल्या दिवशी चालून बघा. कोरेगावात एक आवार बघायचं राहिलं, त्याची किंमत शिपायांनी दिली. आयाबाया, म्हातारी माणसं, लांबच्या गावची माणसं परत कशी जाणार, कुणाबरोबर जाणार, हे घोषणेच्या आधी ठरवा. महाडला पहिल्या वेळी घाव बसला तो तिथंच.

२ जानेवारी १८१८ ची रात्र आपल्या भाषणांत येत नाही. आदल्या दिवशी एवढं लढून ती पलटण तशीच गावात होती. पेशव्यांची फौज अजून आसपास. अंधार पडल्यावर जखमी उचलले, तोफा बरोबर घेतल्या. आधी पुण्याच्या वाटेला लागल्याचं दाखवलं, मग वळून शिरूरची वाट धरली. ३ तारखेला शिरूर गाठलं. लढलेल्या माणसांना उचलून, रांग न मोडता, घरी नेणं हेही लढाईचंच काम. त्या ५०० जणांनी तेही केलं.

या १ जानेवारीला पेरण्याला जाल. स्तंभाला मानवंदना द्या. मग जरा बाजूला होऊन नदीच्या काठावर उभे राहा. पात्र केवढं रुंद आहे ते बघा, पलीकडचं गाव किती उंचावर आहे ते बघा, आणि गावापासून पाणी किती पावलांवर आहे याचा अंदाज घ्या. बरोबरच्या लहान पोराला तो अंदाज सांगा. २८ हजाराचा आकडा त्याला आधीच पाठ असेल.